जुन्या टेपा, नवा ड्राइव्ह : कर्जत-खालापूर तालुक्यांसाठी दोषनिवारण

बॅकअपची जुनी टेप नव्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर येणारा ‘राइट एरर’ या दोन तालुक्यांत मुख्यतः दोन हंगामांत आढळतो : मार्चअखेर आणि जुलै. मार्चमध्ये नवा ड्राइव्ह मंजूर होतो आणि नव्या टेपा नामंजूर होतात. जुलैत पाऊस असतो. पाताळगंगा, रसायनी, खोपोली या पट्ट्यातल्या कचेऱ्यांत जुन्या टेपा ‘चांगल्या’ असतात. हे मत स्टोअरकीपरचे असते, ड्राइव्हचे नव्हे.

दोष दिसताच पहिला संशय विजेवर घेतला जातो. खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते, एवढ्यावरून प्रत्येक खापर तिच्यावर फोडणे रास्त नाही. यूपीएस चालू असेल तर पुढच्या पायरीकडे वळावे.

टेपेची पिढी पाहावी. एलटीओ या टेप-मानकाची पहिली पिढी २००० साली आली, १०० जीबीची. आठवी २०१७ ची, १२ टीबीची. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह एक पिढी मागच्या टेपेवर लिहितात आणि दोन पिढ्या मागची टेप नुसती वाचतात. आठव्या पिढीत वाचन-लेखन दोन्ही एकाच पिढीपर्यंत मागे जाते. त्यामुळे एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-५ ची टेप दिली की तो ती परत करतो. अशा वेळी टेपेवर फुंकर मारणे, ड्राइव्हला थाप मारणे आणि मशीन बंद करून चालू करणे हे तीन उपाय प्रचलित आहेत. तिन्हींची परिणामकारकता समान आहे.

पिढी जुळली तर कोपऱ्यातला राइट-प्रोटेक्टचा खटका सरकवून पाहावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात आणि त्या कशा मिटल्या हे कोणी सांगत नाही. एकदाच लिहिता येणारी ‘वर्म’ टेप मात्र खटक्याने वश होत नाही. तिच्यावर पूर्वी लिहिलेले कोणीही पुसू नये म्हणूनच ती जादा पैसे मोजून घेतलेली असते.

आत काय आहे हे लिहिण्याआधी पाहावे. कंपनी कायदा २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि टेपेच्या सुरुवातीला नवे चार शब्द लिहिले तरी त्यापुढचे जुने सगळे हाताबाहेर जाते. ज्या टेपेवर काहीच उमटत नाही अशी तक्रार असते, तीच टेप नेमकी अशा वेळी विनातक्रार लिहून घेते.

आता पाऊस. ड्राइव्हच्या कागदपत्रांत चालण्याची कमाल आर्द्रता ८० टक्के दिलेली असते. माथेरानच्या पायथ्याशी जुलैतली हवा सहज ९० ओलांडते आणि कागदपत्रे वाचत नाही. ओलाव्याने टेप रुंदीत किंचित फुगते. डोळ्यांना फरक कळत नाही, पण एलटीओ-८ मध्ये १२.६५ मिलिमीटर रुंदीत ६,६५६ ट्रॅक बसवलेले असतात, आणि तिथे किंचित म्हणजे बरेच असते. म्हणून कपाटातली टेप ड्राइव्हच्याच एसी खोलीत २४ तास ठेवून मग वापरावी. ‘साहेबांना आत्ता हवंय’ हा अपवाद कोणत्याही उत्पादकाने मान्य केलेला नाही. टेप उन्हात वाळवू नये. तांदळाच्या डब्याचा उपाय मोबाइलपुरताच ठेवावा.

टेप चांगली असूनही रखडत असेल तर डेटा पाठवणारा सर्व्हर मंद आहे का ते पाहावे. बोरघाटात १९२९ पर्यंत गाड्यांना रिव्हर्सिंग स्टेशनात थांबून, दिशा उलटवून पुढचा चढ गाठावा लागे. डेटा वेळेवर आला नाही की ड्राइव्हचेही तसेच होते : थांबायचे, मागे जायचे, पुन्हा वेग घ्यायचा. टेप आणि हेड दोन्ही झिजतात. कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, तसा इथे मोठा बफर लावावा किंवा डेटा आधी डिस्कवर जमवून मग टेपेवर न्यावा.

ड्राइव्ह लिहिलेले लगेच वाचून पाहतो आणि चुकले तर तेच पुढे पुन्हा लिहितो. म्हणून झिजलेली टेप आधी नुसती लवकर भरते, एरर नंतर देते. तिची धूळ हेडवर बसली की पुढची कोरी टेपही नापास होते, आणि मग कोऱ्या टेपेच्या पुरवठादाराला पत्र जाते. तत्पूर्वी क्लीनिंग टेप लावावी. ती साधारण ५० वेळा चालते. एकावन्नाव्या वेळी ती श्रद्धेने लावली जाते. सफाईनंतर कोरी टेप चालली आणि जुनी अडली तर दोष जुनीचा. दोन्ही अडल्या तर ड्राइव्हचा, आणि मग एएमसीवाल्याला फोन करावा. तो फोनवर प्रथम विजेची चौकशी करतो.

‘पूर्ण पुसून पाहू’ म्हणून टेप चुंबकाने पुसणाऱ्या डीगॉसरखाली धरू नये. हेडला वाट दाखवणारे सर्व्हो ट्रॅक कारखान्यातच लिहिलेले असतात. ते गेले की टेप कायमची गेली.

सगळे करूनही अडणारी टेप जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित करावी. एलटीओ-८ ची असेल तर आत ९६० मीटर फीत असते, तेव्हा शिपायाच्या हाती कात्री देऊ नये. श्रेडिंगवाल्याकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे. नव्या टेपेच्या मागणीपत्राला ते जोडावे लागते.