दिव्याला बंद पडणारा प्रोग्रॅम: नवशिक्यांसाठी डिबगर

डिबगर वापरण्याची पहिली पायरी म्हणजे तो न वापरणं. प्रत्येक नवशिका ही पायरी वर्षानुवर्षं मनोभावे चढतो. प्रोग्रॅम कोसळला की दर चार ओळींमागे एक प्रिंटएफ ठोकायचा: ‘इथे आलो’, ‘इथेपण आलो’, ‘आता काय’. पुढे पुढे या मजकुरात शिव्या शिरतात आणि त्यातली एखादी साहेबांसमोरच्या डेमोत पडद्यावर उमटते. दुसरी पायरी तिथून सुरू होते.

साहित्य: लिनक्स घातलेला लॅपटॉप, त्यावर जीडीबी हा डिबगर आणि एक निवांत जागा. दिव्यात राहणाऱ्यांना तिसरी वस्तू मिळवणं जड जातं. सकाळच्या लोकलमध्ये लॅपटॉप उघडायचा विचारही करू नये. बॅग पोटाशी धरून दोन्ही पायांवर उभं राहता आलं तरी पुष्कळ झालं. २०१६च्या डिसेंबरपासून फास्ट लोकल दिव्याला थांबू लागल्या. थांबलेल्या गाडीत चढता येईल, असं मात्र कुठल्याही वेळापत्रकात छापलेलं नाही. तेव्हा हा उद्योग रात्री, जेवणं आटोपल्यावर आणि लाइट असताना.

जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला, बर्कलीच्या युनिक्सवरच्या डीबीएक्सच्या धर्तीवर. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर एफ७ आणि एफ८ दाबून ज्यांनी इंजिनीअरिंग काढलं, त्यांना इथली काळी खिडकी उदास वाटेल. वाटू द्यावी. कंपाइल करताना ‘-जी’ लावायला मात्र विसरू नये. ते लावलं नाही तर मशीनला ठाऊक असलेले पत्ते दिसतात, तुम्ही लिहिलेल्या ओळी दिसत नाहीत. सोबत ‘-ओ२’ही लावलं असेल तर व्हेरिएबलची किंमत विचारल्यावर ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ असं उत्तर येतं. सरकारी कचेरीतून येणाऱ्या ‘साहेब जागेवर नाहीत’चंच हे भावंड. शिकताना ‘-ओ०’ बरं.

आता सरावाचा प्रोग्रॅम घेऊ. स्टेशनांची एक साखळी करायची: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. प्रत्येक कडीत नावासाठी १६ बाइटांचा अ‍ॅरे आणि त्याला लागून पुढच्या कडीचा पॉइंटर. नवी कडी नेहमी पुढच्या टोकाला जोडायची, म्हणून सुरुवात कोपरपासून. आधी पॉइंटर लावायचा, मग एसटीआरकॉपीनं नाव उतरवायचं. रोमन लिपीत नावं दिली की सगळं सुरळीत चालतं. मराठी बाणा दाखवून ती देवनागरीत दिली की ठाणे छापलं जातं, कळवा छापलं जातं, मुंब्रा अगदी अनुस्वारासकट छापलं जातं, आणि दिवा यायच्या जागी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

इथे नवशिक्यानं करायच्या चुका क्रमानं कराव्यात. आधी ‘दिवा’ या शब्दावर संशय घ्यावा. मग युनिकोडवर, मग कंपायलरवर. प्रिंटएफवाल्यांनी आउटपुट फाइलमध्ये वळवून पाहावं: फाइल रिकामी निघते, कारण फाइलकडे जाणारा मजकूर बफरात साठत राहतो आणि प्रोग्रॅम कोसळला की तिथेच संपतो. ‘इथे आलो’ छापलं नाही म्हणजे इथे आलोच नाही, असं नसतं. संदेश ‘कोअर डम्प्ड’ म्हणतो आणि फोल्डरमध्ये कोअर फाइल सापडत नाही, हाही अनुभव घ्यावा. हल्लीच्या बऱ्याच लिनक्सवर ती सिस्टमडी परस्पर उचलून ठेवतं. ‘कोअरडम्पसीटीएल जीडीबी’ म्हटलं की ती जीडीबीत उघडून मिळते.

मग ‘बीटी’ म्हणजे बॅकट्रेस मागावा. सगळ्यात वर एसटीआरलेन, त्याखाली पुट्स, त्याखाली तुमचं फंक्शन. वरची दोन नावं पाहून ‘सीची लायब्ररीच बिघडलीय’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. एवढ्या वर्षांत जो दोष कोणालाच दिसला नाही तो आज नेमका आपल्यालाच सापडला, ही शक्यता तपासायच्या आधी ‘अप’ दोनदा म्हणून आपल्या ओळीवर यावं आणि चालू कडीचा पॉइंटर छापावा. जीडीबीत चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये असे पत्ते बहुतेकदा पाच-पाच-पाच-पाचने सुरू होतात. इथे निघतं बीई-ए४-ई०-बी०-ए४. आता ‘एक्स’ कमांडनं मुंब्र्याच्या कडीतल्या पॉइंटरचे बाइट एकेक करून पाहावेत: ए४, बी०, ई०, ए४, बीई. यूटीएफ-८मध्ये ‘रा’ लिहायला सहा बाइट लागतात. पहिला ई० आणि पुढचे हेच पाच. पत्त्याच्या जागी मुंब्र्याचा ‘रा’ येऊन बसलाय!

हिशेब सोपा आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना वेगळे तीन-तीन. दिवा, कळवा, कोपर, ठाणे यांचे बारा-बारा होतात आणि शेवटच्या शून्यासकट सोळात आरामात मावतात. मुंब्रा मात्र एकवीस. उरलेले पाच आणि शून्य शेजारच्या पॉइंटरवर सांडले. नावाचा अ‍ॅरे छापून पाहिला तर जीडीबी ‘मुंब्’ एवढंच लिहून पुढे ‘इनकम्प्लीट सिक्वेन्स ३४०’ अशी तक्रारही नोंदवतो. ३४० म्हणजे आठाच्या मानात लिहिलेला तोच ई०. वाचत कोणी नाही.

डिबगर इतकंच सांगतो की गाडी कुठे अडली. बिघाड कुठे झाला हे तुम्हाला विचारावं लागतं, आणि विचारायची रीत म्हणजे वॉचपॉइंट. कडी जोडणाऱ्या फंक्शनवर ब्रेक लावा. जीडीबी तिथल्या सूचनेचा पहिला बाइट काढून इंटेलच्या चिपवर २०४ हा आकडा ठेवतो. प्रोसेसर त्यावर ठेचकाळला की कर्नल जीडीबीला हाक मारतं, आणि पुढे जाताना मूळ बाइट परत जागेवर ठेवला जातो. ‘इग्नोर १ २’ म्हणजे कोपर आणि दिवा सोडून द्या. मुंब्र्याच्या वेळी थांबल्यावर पॉइंटर लावणारी ओळ ‘नेक्स्ट’नं ओलांडा, त्या पॉइंटरवर ‘वॉच’ लावा आणि ‘कंटिन्यू’ म्हणा. एसटीआरकॉपीच्या पोटात गाडी थांबते. जुनी किंमत, नवी किंमत, दोन्ही समोर. इंटेलच्या चिपमध्ये अशा पहाऱ्यासाठी चारच रजिस्टर असतात. त्यात न मावणारं काही पाहायला सांगितलंत तर जीडीबी प्रत्येक सूचनेनंतर थांबून बघतो. तेवढ्यात वसईची गाडी पकडून परत यावं.

काही वेळा डिबगर लावला की दोष गायब होतो. याला भुताटकी समजू नये. एरवी लिनक्स दर वेळी पत्ते बदलतं. जीडीबी ते बदलणं मुद्दाम बंद ठेवतो. ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ म्हटलं की दोष बहुधा परत हजर.

दुरुस्ती म्हणून नवशिका अ‍ॅरे २४चा करतो आणि झोपतो. मग कोणीतरी शेवटी डोंबिवली जोडतं. डोंबिवलीचे चोवीस बाइट, शून्य धरून पंचवीस. पंचविसावं शून्य पॉइंटरवर पडतं, पण शेवटच्या कडीचा पॉइंटर मुळातच शून्य असल्यानं कोणाला पत्ता लागत नाही. पुढे ठाकुर्ली जोडलं की परत रात्र जागवायची. एसटीआरकॉपी काढून एसएनप्रिंटएफ घालावं. त्यानं नाव फारतर कापलं जाईल, शेजारच्याच्या घरात शिरणार नाही.

आता डिबगर सुधारण्याबद्दल. जीडीबीचा सोर्स उतरवून स्वतः बिल्ड करणं ही हौसेची गोष्ट आहे. सगळं कंपाइल होऊन शेवटी ‘मेकइन्फो सापडत नाही’ म्हणून बिल्ड बंद पडतं, म्हणजे दस्तऐवज बांधणारं अवजार नाही म्हणून. टेस्ट चालवायला डेजाग्नू लागतं, ते टीसीएलमध्ये. मोठी सुधारणा पाठवायची तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या कॉपीराइटच्या कागदावर सही. तरीही आपल्याकडच्या लोकांनी या वाटेवर काम केलंय: पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं कंपायलरचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या, तर पुण्याच्या केपीआयटीनं रेनेसासच्या चिपांसाठी जीएनयूची साधनं तयार करून मोफत दिली.

तुम्ही त्याहून सोपं काम करा. २००९च्या ७.० आवृत्तीपासून जीडीबीला पायथन कळतं. नावाची कडी छापताना शेजारी ‘२१ बाइट, जागा १६’ असं दाखवणारा प्रिटी-प्रिंटर पंधरा-वीस ओळींत होतो. तो लिहा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. अनोळखी फोल्डरमधली अशी फाइल जीडीबी आपणहून उघडत नाही, घरच्या ‘.जीडीबीइनिट’मध्ये ऑटो-लोडच्या सेफ-पाथला त्या फोल्डरचं नाव जोडावं लागतं.