जुना लॅपटॉप व त्याचा मालक: दुरुस्तीची शास्त्रोक्त पद्धत

जुना लॅपटॉप वेगवान करताना आधी मालक तपासावा, यंत्र नंतर. मालक सहसा आमच्या दाजींसारखा असतो. दाजींचं जालना जिल्ह्यात अंबडला बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि गल्ल्याशेजारी २०१४ साली घेतलेला लॅपटॉप. गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळत उभं असतं आणि दाजी शांतपणे माऊसचं उजवं बटण दाबून ‘रिफ्रेश’ करतात. पुन्हा करतात. जपमाळ ओढावी तसं. म्हणून नियम पहिला: रिफ्रेशने वेग वाढत नाही, पडद्यावरची चित्रं नव्याने काढली जातात, एवढंच. हे दाजींना सांगू नये. सांगून झालंय.

नियम दुसरा: ‘भंगारात द्या’ म्हणू नये. जालन्यात हा सल्ला फुकट मिळतो, कारण एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत. पण लॅपटॉपात लोखंड असतं किती? आणि आतली लिथियमची बॅटरी भट्टीत गेली, तर सळईऐवजी पंचनामाच व्हायचा.

नियम तिसरा, आणि खरं तर एवढा एकच पुरे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसला, की दुखणं सापडलं. अशा जुन्या हार्ड डिस्कच्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. वाचणारं टोक फाईल शोधत इकडून तिकडे धावतं. एसएसडीत हलणारं काही नसतंच. अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. दुकानाच्या हिशेबाला २५६ जीबी खूप झाले. दुकानदार एनव्हीएमईची चकचकीत डबी पुढे करेल. दाजींच्या लॅपटॉपात ती बसायला जागाच नाही. ‘व्हायरस आलाय, दुसरं काही नाही,’ असं दाजी म्हणतील. म्हणू द्यावं.

रॅम चारची आठ जीबी करावी. जुनी पट्टी काढून सोबत न्यावी. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच, पण एकीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरीला १.३५ चालतात. पट्टी तिरकी घालून खाली दाबावी, दोन्ही बाजूंच्या चापांचा ‘टक्’ आवाज यायला हवा. प्रोसेसर बदलायचा विषय काढू नये.

उघडण्याआधी बॅटरी काढावी. स्क्रू कागदावर त्या-त्या जागी चिकटवावेत. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू गेला तर आतलं काहीतरी फुटतं. पंख्यात खताची भुकटी आणि कापसाचं तूस यांची जाड गादी सापडेल. ब्रशने झाडताना पाती बोटाने धरावीत. दाजी मागे उभे राहून ‘उगं कशाला खोलायलास, चालायलंय की’ म्हणतील. बॅटरी त्यांच्या हाती द्यावी. हात गुंतलेला माणूस कमी बोलतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. त्यामुळे बँकेचं काम मोबाईलवर करावं, लॅपटॉपवर फक्त बिलं.

सगळ्यात आधी करायचं ते शेवटी सांगतोय: फायलींची कॉपी. दाजींकडे ‘बिल फायनल’, ‘बिल फायनल नवीन’ आणि ‘बिल फायनल नवीन खरं’ अशा तीन फायली आहेत. तिन्ही घेतल्या. मग ‘उधारी २०१५’ दिसली, दुष्काळाच्या सालची. त्या साली बियाणं नेलेल्या शेतकऱ्यांची नावं, पुढे आकडे. मी कॉपी करायला गेलो तर दाजी म्हणाले, ‘ती नको घेऊ.’

‘अहो दाजी, पैसे यायचेत त्यात.’

‘राहू दे म्हणलं ना.’

जुनी हार्ड डिस्क फेकू नये. यूएसबीच्या डबीत घातली की बॅकअपला कामी येते. मजुरी ठरवलेली नसल्यास मिळत नाही, हेही नमूद करतो. लॅपटॉप पळायला लागल्यावर दाजींनी कौतुक केलं ते असं: ‘शेजारच्या खतवाल्याचाबी असाच आहे. रविवारी तू येतोस म्हणून सांगून ठेवलंय त्याला.’