चिप पळवा, पण जपून

फोनची चिप कारखान्यातून ज्या वेगाला बांधून येते, त्याहून जास्त वेगाने ती पळवायची, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे करायचं तर आहेच, पण सुरक्षितपणे करायचं आहे, असा आग्रह धरणारा एक समंजस वर्ग आपल्याकडे तयार झाला आहे. त्यांच्यासाठी हे जनहितार्थ निवेदन.

सुरुवात बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करण्यापासून. यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि बहुधा वॉरंटीही जाते. म्हणजे सुरक्षिततेच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकताच गमावण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. मन कसं हलकं होतं! मग फोन रूट करायचा, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा आपल्याकडे घ्यायचा, आणि कुणा अज्ञात सद्गृहस्थाने रात्री जागून बनवलेला कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभाच, त्यात घालायचा. फोन मेला तर मी जबाबदार नाही, हे तो सद्गृहस्थ आधीच लिहून ठेवतो. इतका प्रामाणिकपणा हल्ली बिल्डरांकडेसुद्धा मिळत नाही.

पुढे मेगाहर्ट्‌झ थोडे थोडे वाढवायचे आणि दर वेळी चिपला राबवून बघायचं. जुन्या अँड्रॉइडच्या काळात सेटसीपीयू नावाचं ॲप होतं. त्यात एक चौकट असे: फोन सुरू होताच हाच वेग लावायचा का? जाणते सांगत, पुरती खात्री पटेपर्यंत तिथे टिक करू नका. उतावळे नेमकी तीच टिक आधी करत. मग फोन सुरू होई, लावलेला वेग न झेपून पडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा पडे. लोगो येई, लोगो जाई. विक्रमी वेगाने फोन कुठेच जात नसे.

आता थोडं गणित. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 20 टक्के वाढवला आणि तो झेपावा म्हणून व्होल्टेज 10 टक्के चढवलं, की 1.2 गुणिले 1.21, म्हणजे उष्णता सुमारे 45 टक्क्यांनी वर. लॅपटॉपला निदान पंखा असतो. फोनला आपला तळहात. कूलिंगची यंत्रणा म्हणजे आपण स्वतःच!

आणि आपण राहतो कुठे? आयफोन शून्य ते 35 अंशांच्या हवेत वापरा, असं ॲपल सांगते. मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात पारा 45च्या पुढे जातो. तिथल्या माणसाने फोन लावायचा तर महाबळेश्वर गाठावं की काय? फोन तापला की चिप जीव वाचवायला आपणहून वेग उतरवते, म्हणजे चार मिनिटं वाघ आणि मग गोगलगाय. विदर्भाच्या अनुशेषात मेगाहर्ट्‌झही धरावेत, ही मागणी अजून कुणाला कशी सुचली नाही?

एवढं करून फोन पळू लागला, की बँकेचं ॲप उघडायला जावं. फोन रूट केलेला दिसला की बरीचशी बँकांची ॲपं दार लावून घेतात. मग बाजारातल्या सर्वांत वेगवान फोनचा मालक वडापावच्या गाडीवर सुट्टे पैसे शोधत उभा राहतो.

मग हा खटाटोप कशासाठी? आकड्यासाठी. बेंचमार्कचं ॲप चालवायचं, येणाऱ्या गुणांचा स्क्रीनशॉट काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. यात पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण थोरांनी हेच केलं आहे. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळेच्या भिंतींना चुना लागतो, तशीच ही रीत. 2013 साली गॅलेक्सी एस4च्या एका आवृत्तीत चाचणीचं ॲप ओळखून ग्राफिक्स चिप 532 मेगाहर्ट्‌झवर चढायची. तुम्ही-आम्ही खेळ लावला की 480. हेतू तसा नव्हता, असं सॅमसंगचं म्हणणं. 2022 मध्ये सॅमसंगचाच उलटा प्रकार उघड झाला. खेळांचा वेग गुपचूप खाली, चाचणीचं ॲप आलं की मात्र पूर्ण. गीकबेंच या चाचणीच्या ॲपने गॅलेक्सी एस10 ते एस22 हे फोन आपल्या यादीतूनच काढून टाकले.

ॲपलने तर तपासणीचीही वाट पाहिली नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आम्ही कमी करतो, हे 2017च्या डिसेंबरमध्ये कबूल केलं. कारण दिलं ते खरंही होतं, म्हातारी बॅटरी ताण न सोसून फोन अचानक बंद पडू नये. फक्त सांगायचं राहून गेलं होतं! मग 79 डॉलरची बॅटरी 29 डॉलरला बदलून दिली आणि 2020 मध्ये 50 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

सोनी त्या मानाने देवमाणूस. 2004 साली आलेल्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्राची चिप 333 मेगाहर्ट्‌झची, पण खेळांना मुभा 222 पर्यंतच. 2007 मध्ये कुलूप निघालं आणि आधीच विकत घेतलेला वेग लोकांना भेट म्हणून मिळाला. हिकमती मंडळींनी त्याआधीच तो काढून घेतला होता, हा भाग वेगळा.

चिपशी करायच्या या खटाटोपात खरोखर सुरक्षित म्हणावं असं एकच काम आहे, आणि ते उलट्या दिशेचं आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज जपून थोडं उतरवायचं. फार उतरवलं तर फोन अडखळतो, तेव्हा एक पायरी परत चढायचं. चिप कमी तापते, वेग जास्त वेळ टिकतो, बॅटरीही पुरते. पण हे फारसं कुणी करत नाही, कारण त्याने आकडा जेमतेम हलतो. ‘आज माझा फोन कोमटच राहिला’ या पोस्टला सोसायटीच्या ग्रुपवर अंगठा कोण देणार?