टकलावरची आवणी

"सिस्टर, तीन हजार ग्राफ्ट म्हणजे नक्की किती केस हो?"

वहिनींनी कुंपणापलीकडून हा प्रश्न टाकला तेव्हाच मी ओळखलं, त्यांच्या मोठ्या मुलाचं प्रकरण बरंच पुढे गेलंय. नोकरीतून सुटून मला जमाना झाला, तरी भातसानगरच्या वसाहतीत मी अजून सिस्टरच. ताप आला की सिस्टर, विंचू चावला की सिस्टर. आता टक्कलही माझ्याच दारी.

मोठा आसनगावला कंपनीत आहे. सत्ताविशी, पगार बरा, आणि निर्व्यसनी म्हणण्याइतपत. (नाक्यावरची सिगारेट वहिनींना माहीत नाही, मला आहे.) यंदा दोन स्थळं येऊन परत गेली. कारण तोंडावर कोण सांगतं? पण मुरबाडच्या मध्यस्थबाईंनी "टोपी न घातलेला फोटो पाठवा" असा निरोप धाडला आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच उमगलं. आजी मात्र कडाडल्या होत्या, "तिला म्हणावं, मुलीचाही पावडर न लावलेला पाठव!"

तर त्या दिवसापासून पोराच्या मोबाइलवर दुसरं काही नाही. ठाण्यातला कुठलासा दवाखाना, एका दिवसात केस, वर हप्त्यांची सोय.

"एका ग्राफ्टात एक ते चार केस असतात," मी सांगितलं. "केस झुबक्याने उगवतात ना, तो झुबका मुळासकट काढायचा आणि पुढे लावायचा."

"म्हणजे सहा-सात हजार केस! भरपूर झाले की."

"झाले. पण ते आणायचे कुठून? वहिनी, तुमच्या माहेरी आवणी कशी करतात? राबातलं रोप उपटून खाचरात लावतात. इथे राब म्हणजे मागचा पट्टा, या कानापासून त्या कानापर्यंतचा. तिथले केस चिवट. पुढे नेऊन लावले तरी स्वभाव सोडत नाहीत, म्हणून टिकतात. पण तुमचा राब दरसाल नव्याने पेरता येतो, हा एकदाच मिळतो. जिथून उपटलं तिथे परत उगवत नाही. अख्ख्या आयुष्यात मिळून साधारण पाच-सहा हजार झुबके निघतात, कुणाचे त्याहूनही कमी. त्यातले तीन हजार सत्ताविशीतच खर्च केले, तर पुढे?"

"पुढे काय?"

"भाऊंचं डोकं बघा."

वहिनींनी वळून ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या भाऊंकडे पाहिलं. चाळिशीतच त्यांची झालर उरली होती. पोराचं डोकं बापाच्याच वाटेने निघालंय. आज कपाळावर दाट ओळ लावून घेतली आणि तिच्यामागचे मूळचे केस गळत राहिले, तर पस्तिशीला पुढे लावलेली ओळ, मध्ये चकाकणारं डोकं आणि ते भरायला मागे शिल्लक काही नाही. चांगला डॉक्टर म्हणून तर विशी-पंचविशीतल्या पोराला सहसा हात लावत नाही, आधी गळती थांबवायला औषध देतो आणि वाट बघायला सांगतो. जो पहिल्याच भेटीत तारीख देतो, त्याच्या दारातून चपला घालून परत यावं.

"औषध म्हणजे कांद्याचा रस," आजींनी निवडण करता करता आतून हुकूम सोडला. "आणि जास्वंदीचं तेल."

"आजी, कांद्याने वास येईल, स्थळ दारातूनच पळेल." औषधं दोनच, जी बरीच वर्षं वापरात आहेत. मिनॉक्सिडिल लावायचं. सुरुवातीचे काही आठवडे त्याने केस जरा जास्तच गळतात, पोरं घाबरून बाटली फेकतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणतात. दुसरी फिनास्टराइडची गोळी. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, कारण थोड्या पुरुषांना संसाराच्या बाबतीत त्रास होतो. हे मी आवाज बारीक करून सांगितलं, भाऊ ओट्यावरच होते. आणि वहिनींची लेक बाळंतपणाला येणार आहे, म्हणून हेही सांगून ठेवलं की फुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावायचा नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीत दोष राहू शकतो. दोन्ही औषधं घेताय तोवरच. बंद केली की महिन्याभरात नव्हे, पण वर्षाच्या आत डोकं पूर्वपदावर. शस्त्रक्रियेनंतरही ती बहुतेकांना चालू ठेवावी लागतात, ही गोष्ट जाहिरातीत नसते.

"पण ते बुलढाण्याकडे एकदम गळले नव्हते का लोकांचे?" आजी बाहेरच आल्या. "त्यांनी काय गोळ्या घेतल्या?"

बरोबर आठवण काढली. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस चार दिवसांत हातात येत होते, बायकांचे, पोरांचेसुद्धा. आधी पाण्यावर संशय, मग शाम्पूवर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचवाच्या विषावर काम केलेले तेच, त्यांनी तपासण्या करून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमवर. त्यातल्या पुष्कळांचे केस आपले आपण परत आले. तेव्हा गळणं सगळं एका जातीचं नसतं. टायफॉइड, डेंग्यू होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि परत येतात. बायकांचं रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं की झडतात. चाई पडली तर गोल चट्टा उठतो, तिचे उपचार निराळे. यातल्या कशासाठीही केस लावून घ्यावे लागत नाहीत. त्वचेच्या डॉक्टरने डोकं तपासल्याशिवाय केसांच्या दुकानात पाऊल टाकू नये, हे माझं पहिलं आणि खरं तर एकमेव म्हणणं होतं. पण वहिनींना मुहूर्ताची घाई.

"तुळशीचं लग्न लागलं की मुली बघायला सुरुवात. आत्ता श्रावणात उरकून घेतलं तर?"

मी बोटं मोजून दाखवली. श्रावणात लावलेले केस भादव्यात गळून पडतात. हो, लावलेलेच. मूळ आत राहतं, वरचा केस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झडतो, कधी शेजारचे मूळचेही घेऊन जातो. आवणी केल्यावर रोप चार दिवस पिवळं पडतं ना, इथे ते पिवळेपण तीन महिने चालतं. नवे केस चौथ्या महिन्यात बारीक, विरळ असे डोकावतात. आठव्या-नवव्याला आरसा जरा खूश होतो, पुरतं रूप यायला वर्ष, कुणाला दीड. म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पोरगा आज दिसतो त्याहून वाईट दिसणार!

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या आणि कुंपणाच्या तारेला टेकल्या.

मग वळलं बोलणं माझ्या भाच्याकडे. तो ठाण्यात केस लावून घेऊन थेट माझ्याकडे आला होता राहायला, चाळीत लोक विचारतील म्हणून. इथे काय कमी विचारतात! पण गाडी करून आला, हे शहाणपण केलं. कसारा लोकलमध्ये कल्याणला जो लोंढा घुसतो, त्यात कुणाची पिशवी डोक्याला घासली तरी ताजं मूळ बाहेर आणि रक्ताची धार.

पहिली रात्र उशांवर अर्धवट बसून, मानेला ती प्रवासाची उशी. दवाखान्याने दिलेलं खारं पाणी सारखं फवारायचं. डोकं जवळून पाहिलं तर पुढे शेकडो लालबुंद ठिपके, प्रत्येकातून गव्हाच्या कुसाइतका एक केस वर आलेला, आणि मागे तितकीच पंक्चर. तिसऱ्या दिवशी पोराचं कपाळ सुजलं, चौथ्या दिवशी सूज उतरून डोळ्यांवर आली, डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या. दूधवाल्याने विचारलं, "गांधीलमाशी का?" मी म्हटलं, "हो, ठाण्याची." भूल देताना डोक्यात जे पाणी भरतात ते असं खाली उतरतं. बर्फ कपाळाला चालतो, लावलेल्या जागेला नाही. सूज तीन-चार दिवसांत आपोआप ओसरते.

धुणं हा मोठा सोहळा. शाम्पूचा फेस हातावर काढायचा, तो नुसता टेकवायचा, आणि मगने हळूच पाणी सोडायचं. नळाखाली डोकं नाही, टॉवेल घासणं नाही. खाज अशी सुटते की विचारू नका. झोपेत हात वर जाऊ नये म्हणून मी त्याच्या हातात पायमोजे चढवले होते. दहाव्या दिवसापर्यंत खपल्या निघाल्या, पोरगा खुशीत घरी गेला, आणि दोन आठवड्यांनी रडका फोन: "मावशी, सगळे गळाले, पैसे पाण्यात गेले." त्याला कुणी आधी नीट सांगितलंच नव्हतं. आज त्याच्या डोक्यावर केस आहेत, बरे आहेत. जाहिरातीतल्या नटासारखे नाहीत.

"आमच्या ह्याला कंपनीत हेल्मेट सक्तीचं आहे," वहिनींना एकदम सुचलं.

तेच तर. पिवळं हेल्मेट तीन आठवडे तरी डोक्यावर नको, म्हणजे रजा नाही तर टेबलाचं काम मागून घ्यायला हवं. मोटारसायकलचंही तेच, आणि त्याचा अर्थ हेल्मेटशिवाय गाडी असा नव्हे, गाडीच नाही असा. नाशिक हायवेवर केस वाचवताना डोकं घालवायचं नाही. महिनाभर ऊन, व्यायामशाळा आणि नदीतलं पोहणं बंद. ताप आला, पू झाला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कातडी काळी पडायला लागली, तर मला हाक मारायची नाही, ज्याने केलं त्याला त्याच दिवशी गाठायचं. "आणि सिगारेट-तंबाखू आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद. मुळांना रक्तच पोचत नाही."

"आमचा कुठे ओढतो?" वहिनी म्हणाल्या.

मी वाळत घातलेलं पातळ उगाच सरळ केलं.

"पण सिस्टर, यात जिवाला तर धोका नाही ना? नुसती भूल तर देतात."

नुसती म्हणू नये. मार्च 2019 मध्ये मुंबईतल्या 43 वर्षांच्या एका व्यापाऱ्याने एकाच बैठकीत साडेनऊ हजारांच्या आसपास मुळं लावून घेतली आणि दोन दिवसांत तो गेला. औषधाची तीव्र रिॲक्शन असावी असं तेव्हा डॉक्टर म्हणाले. एका बैठकीला दोन-तीन हजार हा धोपट हिशेब, जास्तीचा मोह नको. कानपूरला दोन इंजिनियर असेच गेले, 2025 मध्ये ते प्रकरण बाहेर आलं, आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दाताच्या डॉक्टरणीवर. देशाच्या वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्येच स्पष्ट बजावलंय की हे काम कार्यशाळेत नाही तर यूट्यूबवर बघून शिकायचं नाही, त्वचा किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण लागतं. म्हणून पोराने तिथे जाऊन तीन गोष्टी विचारायच्या: छेद कोण देणार, मुळं काढताना डॉक्टर खोलीत असणार की टेक्निशियनवर सोडून चहाला जाणार, आणि रिॲक्शन आली तर ऑक्सिजन, इंजेक्शनं हाताशी आहेत का. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत आहे का ते घरबसल्या बघता येतं. शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, कशाची ॲलर्जी, काहीही लपवायचं नाही. हे विचारल्यावर समोरच्याला राग आला, तर फार बरं झालं. काम तिथेच संपलं.

भाऊंनी पेपर खाली ठेवला. इतका वेळ ऐकत होते तर! "मेडिक्लेममध्ये बसतं का?"

"नाही भाऊ, शोभेच्या कामाला मेडिक्लेम नाही. वर जीएसटी."

"केसांवर जीएसटी?" भाऊंनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. "मग आम्ही सरकारचं नुकसानच केलं म्हणायचं."

आजी हसून हसून खोकायला लागल्या. वहिनींना हसू येईना. हप्त्याच्या फॉर्मवर पोराने सही करून टाकलीय का, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आधी ते बघा. आगाऊ भरलेले पैसे परत मिळतात की नाही, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात असतं. आणि स्थळाचं म्हणाल, तर त्याला स्वतःला हवेत म्हणून केस लावत असेल तर लावू दे, त्यात गैर काही नाही. मुरबाडवालीसाठी लावत असेल तर तिला केसांनंतर दुसरं काहीतरी सापडेल. मला ती बाई पहिल्यापासून पटत नाही.

"मग आधी कुठे दाखवू?"

"कळव्याच्या मोठ्या दवाखान्यात त्वचेचा विभाग आहे. ठाण्याला उतरून एक स्टेशन. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा."

"केसांचा पण केसपेपरच?" आजींनी विचारलं.

"सगळ्यांचा केसपेपरच असतो, आजी."

"मग ह्याचाही काढा," आजींनी भाऊंकडे बोट दाखवलं, आणि भाऊ पेपर उचलून आत गेले.