लोकलहोस्टकर

लोकलहोस्टकर हे कुणा एकाचं आडनाव नाही, ती जमात आहे. शेलूपासून कर्जतपर्यंत ती विखुरलेली आहे. पण अस्सल नमुना पाहायचा तर भिवपुरी रोडला उतरावं. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट 'बसवून' देणाऱ्याला इथे बारमाही काम असतं.

त्यांनी केलेल्या वेबसाइटी ढीगभर. जगाने त्यातली एकही पाहिलेली नाही. सगळ्या त्यांच्याच लॅपटॉपवर, एक्सॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरात सुखाने नांदतात. मात्र पत्ता कसा, घासूनपुसून लखलखीत हवा. 'इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर सात' असलं काही दिसलं की त्यांना जेवण जात नाही.

मग विधी सुरू होतो. अपाचीची कॉन्फिग फाइल उघडायची, रीराइट मॉड्यूलच्या ओळीपुढचा हॅश काढायचा, 'अलाउओव्हरराइड'पुढे 'नन' असेल तर 'ऑल' करायचं, अपाची बंद करून चालू करायचा. एवढं कुणीही करील. खरी परीक्षा पुढे, डॉट एचटीअ‍ॅक्सेसची. नोटपॅड त्या नावामागे गुपचूप 'टीएक्सटी' चिकटवतो, विंडोज ती शेपटी लपवून ठेवतो आणि अपाची अशा फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही. पोरं इथे रात्र काढतात. लोकलहोस्टकरांना हे पहिल्या मिनिटाला दिसलेलं असतं, सांगतात पहाटे. "आधी सांगितलं असतं, तर लक्षात राहिलं असतं का?"

फाइल वाचली जातेय की नाही, हे पाहायची त्यांची रीत न्यारी. तिच्यात मनाला येईल ती बडबड लिहायची. पडद्यावर ५०० चा एरर आला, की बाकीचे कपाळाला हात लावतात आणि हे टाळीला हात पुढे करतात. "वाचतोय रे, वाचतोय!" तेवढ्यात लाइट जाते. वीजघर तालुक्यातच आहे, पण त्याने काय होतं?

मॉड रीराइट १९९६ साली राल्फ एंगेलशाल या जर्मन गृहस्थाने लिहिलं, हे ते मूळपुरुषाचं नाव घ्यावं तशा आदराने सांगतात. मात्र पहिला मान टाटांचा. "आंध्रा नदी मुळात इंद्रायणीकडे, तिथून भीमेला, म्हणजे निघाली बंगालच्या उपसागराला. टाटांनी ठोकरवाडीला अडवली, पाणी घाटाखाली सोडलं. १९२२ला भिवपुरीचं वीजघर फिरलं आणि तेच पाणी उल्हासमधून अरबी समुद्राला! हा आपल्या तालुक्यातला पहिला रीराइट रूल."

एकदा एका पोराने विचारलं, "पण सर, मुक्कामच बदलला, आणि तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग हा रीडायरेक्ट झाला ना?" प्रश्न बिनतोड होता. त्या पोराचा प्रोजेक्ट बराच लांबला.

यंदा त्यांना खरं गिऱ्हाईक मिळालं, फार्महाऊसवाले एक शेठ. धबधब्याचा सीझन तोंडावर आलेला. शेठना हवे होते चार फोटो आणि मोबाइल नंबर. लोकलहोस्टकरांनी मे महिना पत्त्यात घालवला.

"दादा, फोटो कधी टाकताय?"

"शेठ, फोटो काय, कधीही टाकता येतात. हा पत्ता बघा. लोकलहोस्ट, स्लॅश, फार्महाऊस. आहे कुठे प्रश्नचिन्ह?"

शेठना पत्ता आवडला. सुटसुटीत, शिवाय 'लोकल' आणि 'होस्ट' दोन्ही आपल्या धंद्यातले शब्द. त्यांनी पेंटरला बोलावून स्टेशनबाहेरच्या फलकावर तो हातभर अक्षरांत रंगवून घेतला. खाली मोबाइल नंबर होता, त्यामुळे पहिल्या पावसालाच फार्महाऊस भरलं.

लोकलहोस्टकरांनी फलक पाहिला आणि तिथेच पावसात थबकले. तो पत्ता त्यांच्या लॅपटॉपवाचून जगात कुठेच उघडणार नाही, याचं त्यांना काही नव्हतं. पेंटरने शेवटी एक जादा स्लॅश मारला होता, आणि त्यांचा रूल 'फार्महाऊस'पाशीच डॉलरने बंद केलेला होता. ते उलट पावली घरी गेले, अपाची चालू केला.