बावीस सप्तमांशाचा फेरा

गड चढण्यात एक मोठी सोय असते, ती म्हणजे पायथा. गुडघा धरायचा, "तुम्ही या जाऊन, मी सामान सांभाळतो" असा त्याग करायचा आणि झाडाखाली आडवं व्हायचं. अर्ध्यातून परत फिरलात तरी चेष्टेपलीकडे काही होत नाही. गोल वाटेत ही सोयच नाही. लोणारच्या सरोवराला काठाकाठानं फेरी मारताना निम्म्यावर धीर सुटला, तर मागे जितकं तितकंच पुढे. शरण जायचं तर कुणाला, हाच प्रश्न पडतो.

मला या फेऱ्यात घातलं मेव्हण्यानं. तो गणिताचा मास्तर. "पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर, दाजी. गुणिले बावीस सप्तमांश. पावणेचार किलोमीटर! तुम्ही मंडईत याहून जास्त फिरता."

बावीस सप्तमांशाला वेडी बाभूळ ठाऊक नसते. तिनं माझी बाही इतक्या आपुलकीनं धरली की सोडवायला दोन माणसं लागली. झाडी चुकवून पाण्याकडे सरकावं तर चिखल, आणि चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास. वर चढावं तर सुटे दगड. त्यात कड्यापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. उतरताना हा आकडा कुणी काढत नाही.

आमचा वाटाड्या गावातलाच, पायात साधी चप्पल. मी टेकलो की म्हणायचा, "कायले बसता साहेब? बसलं की पाय आखडते." मग मी युक्ती काढली. शास्त्रीय शंका विचारायची. शंकेला उत्तर उभ्यानंच द्यावं लागतं, आणि ऐकणाऱ्यानं दगडावर बसून ऐकलं तर ती जिज्ञासा ठरते.

या जिज्ञासेमुळे मला पुष्कळ कळलं. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली या विवराची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं ते ज्वालामुखीचं काम समजलं जाई. मग इथल्या खडकात प्रचंड आघातानंच तयार होणारी मस्केलिनाइट नावाची काच सापडली आणि श्रेय उल्केला गेलं. लोणासुराला विष्णूनं इथेच गाडला, हे गावाचं म्हणणं मात्र कुणी खोडलेलं नाही. विवराचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षं सांगत; आर्गॉनच्या पद्धतीनं मोजल्यावर ते पावणेसहा लाखांच्या घरात गेलं. एवढं वय निघाल्यावर एखादं सरोवर खचलं असतं. हे २०२० च्या जूनमध्ये चक्क गुलाबी झालं! पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात माजलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. त्याच वर्षी रामसर यादीतही नाव लागलं. उतारवयात इतकं यश मी फक्त राजकारणात पाहिलं आहे.

वाटाड्यानं खिशातून हळदीची पुडी काढली, चिमूटभर त्या पाण्यात कालवली. हळद लालभडक. "लई खार आहे पाण्यात," तो म्हणाला. मेव्हणा मला अल्कधर्मी द्रावणं समजावू लागला. मी पुन्हा बसलो.

काठच्या झाडीत हेमाडपंती देवळं आहेत, बरीचशी पडकी. कोरीव काम पाहायला आत वाकलं की वटवाघळं डोक्यावरून निघून जातात. त्यांना आपल्या कलासक्तीची कदर नाही. कमळजा देवीच्या देवळापाशी मात्र चार माणसं भेटली. "आता जवळच ना?" मी विचारलं. त्यातल्या एकानं हात दोन्हीकडे केला. "इकून गेले तरी तेवढंच, तिकून गेले तरी तेवढंच."

शेवटचा चढ मी कसा चढलो ते मेव्हण्याच्या खांद्याला विचारावं. वर गोमुखाची धार बारमाही वाहते, आंघोळीला बायाबापड्यांची गर्दी. फाटकी बाही, गुडघ्यापर्यंत चिखल आणि मिटलेले डोळे अशा अवस्थेत मी तिथे पोचलो. एका आजीबाईंनी लगेच बायकांना बाजूला केलं.

"येऊ द्या त्याले. फेरी करून आला देवाची." मग माझ्याकडे वळून, "कशाचा नवस व्हता बाबा?"

मेव्हणा तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हणालो, "मेव्हण्याच्या लग्नाचा."

आजींनी त्याच्याकडे अपार कणवेनं पाहिलं आणि प्रसादाची दोन केळी माझ्या हातावर ठेवली. मी दोन्ही खाल्ली.