तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वर ते गणपतीपुळे हा किनारा नकाशावर बोटाने मोजला तर वीतभरही भरत नाही. पुण्या-मुंबईचा सहलीचा म्होरक्या नेमका बोटानेच मोजतो. शनिवारी पहाटे निघायचं, सकाळी हरिहरेश्वर, संध्याकाळी वेळासची कासवं, रविवारी सकाळी मुरुड-हर्णै, दुपारी गुहागर आणि हेदवी, संध्याकाळच्या आरतीला गणपतीपुळे, सोमवारी दहाला ऑफिस. बेत कागदावर इतका नेटका दिसतो की चहासाठी वीस मिनिटंसुद्धा शिल्लक राहतात. हा कागद मग कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. तिथे त्याला पहिल्या पाच मिनिटांत सात अंगठे मिळतात आणि आठव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "महाबळेश्वरचं काय झालं?"

महाबळेश्वर बाजूला ठेवू. खरी भानगड किनाऱ्यातच आहे. या वीतभर रेघेत बाणकोटला सावित्री घुसते, केळशीला भारजा, आंजर्ल्याला जोग, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री. सह्याद्रीचा कडा समुद्रापासून इतका जवळ की नदीला उतरून जरा पाय पसरावेत म्हटलं तर समोर समुद्र हजर, आणि तो थांबत नाही, भरतीला नदीच्या घरात आतपर्यंत शिरतो. मग नदी कुठे संपली आणि खाडी कुठे सुरू झाली हे विचारायची सोय राहत नाही. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे स्वच्छ दिसतं. तिथली माणसं, होड्या, गाड्या, सगळं दिसतं. रस्त्याने तिथे जायचं तर दापोली, खेड, चिपळूण अशी यात्रा करून शंभराहून जास्त किलोमीटर. मोबाइलमधल्या बाई "सरळ जा" म्हणतात तेव्हा त्यांना खाडी माहीत असते की नाही, ही शंका कोकणात फिरलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी आलेली आहे.

यावर उतारा म्हणजे जंगलजेटी. गाड्या, मोटरसायकली, माणसं आणि क्वचित एखादी बावरलेली शेळी यांना एकत्र पलीकडे नेणारी ही सपाट बोट. दाभोळ-धोपावे सेवा 2003 साली सुरू झाली. आता बागमांडले-वेश्वी आणि जयगड-तवसाळ इथेही ती आहे. सहलीतला सगळ्यात आवडता भाग कोणता असं मुलांना विचारलं तर ती देऊळ, किल्ला, किनारा यातलं काही सांगत नाहीत, "गाडीसकट बोटीत बसलो" हे सांगतात. म्होरक्याच्या कागदावर मात्र या प्रकाराला दहा मिनिटं दिलेली असतात. बोट पलीकडच्या काठावर असेल, पुढे गाड्यांची रांग असेल, हे त्या दहा मिनिटांत बसत नाही. शेवटची फेरी चुकली तर काय, हा प्रश्न तर ग्रुपवर कुणी विचारूच नये असा संकेत आहे.

रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने एकच रस्ता असावा, हे बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न. ते स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे, तेव्हा खाडी म्हणजे काय हे त्यांना कुणी नकाशावर दाखवायची गरज नव्हती. ते 1980 ते 1982 मुख्यमंत्री होते. रस्त्याचे तुकडे झाले, बरेच पूल झाले, पण मोठ्या खाड्यांनी आपला हक्क सोडलेला नाही. आणि आतल्या बाजूने जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, त्याबद्दल कोकणी माणसासमोर न बोलणं हेच सौजन्य.

"मग रेल्वेने जाऊ," असं मुंबईचा आत्येभाऊ म्हणतो. त्याचं म्हणणं ऐकायला छान वाटतं. आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांचं असेल तर लॉगिनचा गोल फिरेपर्यंत प्रतीक्षायादी सुरू झालेली असते. शिवाय कोकण रेल्वे नावाने कोकणाची असली तरी या पट्ट्यात समुद्राची नाही. ती डोंगराच्या पायथ्याने बोगद्याबोगद्यांतून जाते. चिपळूणला उतरलं तरी गुहागरचा समुद्र चाळीसएक किलोमीटर लांब. आत्येभावाचा प्रस्ताव त्यामुळे एकमताने फेटाळला जातो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मताशिवाय बाकी सगळ्यांच्या.

या किनाऱ्याने बेत उधळण्याची परंपरा बरीच जुनी आहे. 1875 साली दापोलीजवळच्या मुरुडचा एक मुलगा सोबत्यांसह परीक्षेला मुंबईस निघाला होता. हवा बिघडली, बोटी बंद. मुंबई नाही तर सातारा, असं ठरवून ही पोरं पाठीवर गाठोडी घेऊन सह्याद्री चढून चालत साताऱ्याला पोचली. तिथे कमिटीच्या साहेबांनी त्या मुलाकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तो मुलगा धोंडो केशव कर्वे. पुढे त्यांनी स्त्रीशिक्षणासाठी जे केलं ते सर्वांना ठाऊक आहे. वयाची शंभरी गाठली त्याच 1958 सालात भारतरत्न मिळालं आणि 104 वर्षं जगून त्यांनी वयाबद्दलच्या शंकेचं कायमचं निरसन केलं. आता घाटातून वातानुकूलित गाडीत बसून जाताना मागच्या सीटवरून "अजून किती?" असा आवाज आला की म्होरक्या ही गोष्ट सांगतो. मागच्या सीटवर तिचा परिणाम शून्य. तिथे उलटीच्या गोळीची शोधाशोध चालू असते.

खरा घोळ मात्र रस्त्याचा नाही, पाण्याचा आहे, आणि तो कागद करणाऱ्याच्या लक्षात सगळ्यात शेवटी येतो. हरिहरेश्वरच्या देवळामागे डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग आहे. दोन खडकांच्या चिरेतून पायऱ्या खाली उतरतात आणि मग लाटांनी कोरलेल्या कातळावरून चालायचं. हे ओहोटीलाच जमतं. भरतीला त्या कातळावर समुद्र स्वतः प्रदक्षिणा घालत असतो आणि त्याला वाटेत माणसं चालत नाहीत. तिथे जीव गेलेले आहेत, तेव्हा हा विनोदाचा विषय नव्हे. उलट हेदवीची बामणघळ. किनाऱ्यालगत काळ्या कातळात पडलेली ही अरुंद भेग. भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि जोराने वर उसळतं. ते पाहायचं तर भरतीच हवी. ओहोटीला गेलेली मंडळी एका कोरड्या भेगेपुढे सेल्फी काढून "हीच का ती?" असं विचारत परततात. म्हणजे एकाच सहलीत एका ठिकाणी समुद्र आत गेलेला हवा आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर आलेला, आणि दोन्ही उजेडात.

म्होरक्या इंटरनेटवर तक्ते उघडतो, फुटात, मीटरमध्ये, आलेख. इतका वेळ ग्रुपवर फक्त "शुभ सकाळ" पाठवणाऱ्या आत्याबाई, माहेर गुहागर तालुका, पहिल्यांदाच तोंड उघडतात.

"अरे, त्यात बघायचंय काय? तिथीची पाऊणपट कर."

हे गणित किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट, सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधराची, सव्वाअकरा. त्यापासून सहाएक तासांनी ओहोटी. कारण सरळ आहे: भरती चंद्राच्या मागे चालते, चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच उशीर करतो आणि तिथीही चंद्रावरच मोजतात. थोडं इकडेतिकडे होतं, कातळावर उतरताना तेवढ्या भरवशावर राहू नये, गावात विचारून घ्यावं. पण बेत आखायला हे पुरतं. पावकी-पाऊणकी शाळेतून गेली आणि हे गणित आत्याबाईंच्या पिढीकडे राहिलं.

मग हिशेब सुरू. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. हरिहरेश्वर साधलं. दुसऱ्या दिवशी पंचमी, भरती पावणेचारला. हेदवी साधली. ग्रुपवर टाळ्यांची चिन्हं उमटतात. एवढ्यात वहिनींचा संदेश येतो: "चतुर्थी म्हणजे संकष्टी ना?"

शांतता.

कोकणात जायचं आणि पहिल्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी खायची, ही कल्पना घरातल्या मासेखाऊ गटाला पचत नाही. "विनायकी धरा," असं कुणी सुचवतं. तीही चतुर्थीच आणि आत्याबाई दोन्ही करतात. चतुर्थी सोडून पौर्णिमा धरावी तर हेदवीला भरती बरोबर जेवणाच्या आधी मिळते, पण हरिहरेश्वरची ओहोटी संध्याकाळी, तेव्हा कासवं.

कासवांचा मामला वेगळाच. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे वळून न पाहता समुद्रात निघून जाते. सामान बांधून निरोपाचे फोटो न काढता निघणारी या किनाऱ्यावरची ती एकमेव पाहुणी. कोल्ही, कुत्री आणि पूर्वी माणसंही ही अंडी पळवत. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी कुंपणात हलवून राखायला सुरुवात केली, आणि पुढे ते पाहायला येणाऱ्या लोकांमुळे नाना फडणविसांच्या या मूळ गावात घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. पिल्लं साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर येतात, वाळू किती तापते त्यावर. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलून पाहतात. असली तर सोडतात, नसली तर नाही. हंगाम मार्च-एप्रिल, म्हणजे नेमका परीक्षांचा. आंब्यासाठी थांबावं तर एप्रिल-मे, तेव्हा पिल्लं संपत आलेली, ऊन कडक आणि खोल्या भरलेल्या. 1 जूनपासून मासेमारी बंद. प्रत्येक चांगल्या गोष्टीने आपला वेगळा महिना निवडून ठेवलाय आणि कुणालाही दुसऱ्याची पर्वा नाही.

शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला. वेळासऐवजी आंजर्ले धरायचं. तिथेही कासवं येतात आणि कड्यावरचा गणपती आहे, म्हणजे संकष्टीचं दर्शनही होतं. चतुर्थीला नऊला हरिहरेश्वर, मग बागमांडल्याची जंगलजेटी, दुपारी गणपती, संध्याकाळी किनारा, चंद्रोदयानंतर मोदक. पंचमीला सकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव बघायचा, तिथल्याच ताज्या माशांवर मासेखाऊ गटाने लवकर जेवून घ्यायचं, दाभोळहून पलीकडे आणि पावणेचारला हेदवी. तिसऱ्या दिवशी तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे. सगळं बसलं. फक्त कॅलेंडर पाहिल्यावर कळलं की ती चतुर्थी शनिवारी नसून शुक्रवारी आहे, आणि नऊची ओहोटी गाठायला पुण्याहून काळोखात चारला निघून ताम्हिणी घाट उतरावा लागेल. शुक्रवारच्या रजेसाठी कोणतं कारण द्यायचं यावर ग्रुपवर स्वतंत्र चर्चा सुरू झाली. ज्याची परीक्षा त्याच आठवड्यात होती त्या मुलाचं मत कुणी विचारलं नाही, पण त्यानेच सगळ्यात आधी अंगठा दिला.

म्होरक्याने आंजर्ल्याला फोन लावला. कोकणातल्या घरगुती खाणावळीत खोलीपेक्षा आधी पानांचा हिशेब असतो.

"किती पानं धरू?" पलीकडून काकूंनी विचारलं.

"नऊ."

"त्यातली उपासाची किती?"

म्होरक्याने फोनवर हात ठेवून घरात विचारलं. आधी दोन हात वर झाले, मोदकांचं कळल्यावर सहा.

"सहा. आणि काकू, त्या दिवशी पिल्लं निघतील ना नक्की?"

"त्यांनी अजून काही कळवलेलं नाही हो," काकू म्हणाल्या. "मोदक मात्र आधी सांगा, माणशी किती ते."